प्रीपेड कार्डात पैसे भरण्याआधी ते परत कसे निघतील ते बघा

जून-जुलैत मुलं पुण्याला शिकायला निघाली की माझ्या टेबलावर हिशेबाच्या वह्यांबरोबर प्लास्टिकची कार्डंही यायला लागतात. मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. ‘ताई, ह्यातले पैसे निघेनात, काय करू?’ हा प्रश्न मला वर्षभर ऐकावा लागतो. कधी मुलाला कार्ड देऊन पाठवलेली मिरजेची आई विचारते, कधी ड्रायव्हरांना खर्चासाठी कार्डं वाटलेला गाडीमालक, तर कधी दिवाळीला गिफ्ट कार्ड मिळालेला कामगार. तक्रारी वेगवेगळ्या असतात, चूक मात्र तीच असते. पैसे आधी भरले जातात आणि नियम नंतर वाचले जातात.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमानं लिहिला आहे. घाईत एखादा टप्पा गाळला, तर त्याचा त्रास सहसा शेवटी पैसे काढताना होतो.

टप्पा १: कार्ड लागतंय का, ते आधी ठरवा

प्रीपेड कार्ड म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेला डबा. त्यात जेवढे भरले तेवढेच खर्च होतात. कार्ड हरवलं, कुणी फसवलं, तरी नुकसान डब्यातल्या रकमेपुरतं राहतं आणि बचत खात्याला धक्का लागत नाही. कर्जाचा इतिहास कुणी विचारत नाही, महिनाअखेर बिलही येत नाही. दुसऱ्याच्या हातात ठराविक रक्कम द्यायची असेल, अनोळखी वेबसाइटवर एकदाच खरेदी करायची असेल, परदेशी जाताना आजच्या दरानं चलन घेऊन ठेवायचं असेल, तर या कार्डासारखी सोय नाही.

आता दुसरी बाजू. कार्डात पडून असलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. बिगरबँक कंपनीच्या कार्डातल्या शिलकीला ते आहे असं समजू नका. ते पैसे कंपनीला बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ग्राहकांच्या पैशांसाठी राखून ठेवलेल्या खात्यात ठेवावे लागतात, पण ते खातं तुमच्या नावाचं नसतं. शिवाय वेळेवर बिलं भरणाऱ्याचा सिबिल स्कोअर क्रेडिट कार्डानं सुधारतो, तसा याचा काही उपयोग होत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्याचं स्वतःचं बचत खातं आहे आणि फोनवर यूपीआय चालतं, त्यानं रोजच्या किराणा-भाजीसाठी प्रीपेड कार्ड घेऊ नये. पैसे दोन जागी विभागले जातात आणि हिशेब वाढतो. मुलगा दहा वर्षांपेक्षा मोठा असेल तर आधी आपल्या बँकेत चौकशी करा. त्या वयापासून मुलांना स्वतः चालवण्याचं बचत खातं बँक देऊ शकते. त्यावरच्या मर्यादा ती बँक ठरवते.

तपासा: हे कार्ड कशासाठी, कुणासाठी आणि किती महिन्यांसाठी घेताय, ते एका ओळीत लिहून बघा. लिहिता येत नसेल तर इथेच थांबा.

टप्पा २: कार्डाची जात ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा. दिसायला सगळी कार्डं सारखीच असतात. तोच चौकोन, तीच चिप, तोच रुपे किंवा व्हिसाचा शिक्का. नियम मात्र वेगळे असतात, आणि ते रिझर्व्ह बँकेच्या २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांत दिले आहेत.

अपुऱ्या केवायसीचं (म्हणजे ओळखीची पूर्ण पडताळणी न झालेलं) कार्ड: मोबाइलवर ओटीपी टाकला, नाव आणि ओळखपत्राचा नंबर लिहिला की पाच मिनिटांत मिळतं. यात एका वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. महिन्याला १०,००० आणि आर्थिक वर्षात १,२०,००० रुपयेच भरता येतात. मुख्य म्हणजे त्यातून फक्त वस्तू आणि सेवांचे पैसे देता येतात. एटीएममधून रोख निघत नाही आणि दुसऱ्याच्या खात्यावर पाठवताही येत नाहीत. ज्या कार्डात रोखीनं पैसे भरता येतात, त्याची केवायसी २४ महिन्यांत पूर्ण करावी लागते, नाहीतर त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत.

पूर्ण केवायसीचं कार्ड: शिल्लक २ लाखांपर्यंत ठेवता येते. पैसे पाठवता येतात आणि रोखही काढता येते. मात्र कार्ड बिगरबँक कंपनीचं असेल तर एका वेळी २,००० आणि महिन्यात १०,००० रुपयांपर्यंतच रोख निघते. खोलीची अनामत रोखीनं द्यायची असेल तर हे कार्ड कामाचं नाही, हे मुलाला पुण्याला पाठवण्याआधीच लक्षात घ्या.

गिफ्ट कार्ड: जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं. पुन्हा भरता येत नाही, रोख काढता येत नाही, पैसे पाठवताही येत नाहीत.

प्रवासाचं कार्ड: मेट्रो-बसचं. यात ३,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. त्याचं एक वेगळंच दुखणं आहे, ते टप्पा ६ मध्ये सांगते.

फॉरेक्स कार्ड परदेशवारीसाठी असतं. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही बहुतेकांकडे याच कुळातला आहे. आनेवाडी आणि तासवड्याच्या टोलनाक्यावर रोज त्यातूनच पैसे कापले जातात.

सावधान: ‘लगेच मिळतं, कागदपत्रं लागत नाहीत’ असं कुणी सांगितलं, तर ते कार्ड अपुऱ्या केवायसीचं आहे असं धरून चाला. माझ्याच भाच्याच्या बाबतीत हे झालं. त्याच्या असल्या कार्डात आम्ही ९,५०० रुपये भरले. मेसवाल्या मावशींना हवी होती रोख. कार्डात पैसे असताना पोरानं मित्राकडून उसने घेतले आणि महिनाभर ते कार्ड स्टेशनरी-औषधांवर थोडं थोडं करून संपवलं. कार्ड देणाऱ्यांनी नियमाबाहेर काही केलं नव्हतं. विचारायचं काम आमचं होतं आणि ते आम्ही केलं नाही.

टप्पा ३: कार्ड देणारा कोण आणि घेणार काय, ते विचारा

कार्डाच्या पुढच्या बाजूला एखाद्या ॲपचं किंवा दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. ते बहुतेक वेळा फक्त भागीदार असतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘अमुक यांनी जारी केलेलं’ असं लिहिलेलं असतं. तुमचा व्यवहार त्याच्याशी आहे आणि तक्रारही त्याच्याकडेच करायची आहे. ते नाव बँकेचं नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारकांच्या यादीत शोधा. यादीत सापडलं नाही तर कार्ड घेऊ नका.

परवाना असला तरी सगळंच निश्चिंत नसतं. २०२४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. १५ मार्च २०२४ नंतर तिच्या वॉलेटमध्ये, फास्टॅगमध्ये, मेट्रो कार्डात नवे पैसे भरणं थांबलं. आधीची शिल्लक वापरता येत होती, पण ज्यांचा सगळा व्यवहार त्या एकाच ठिकाणी होता त्यांची धावपळ झाली. म्हणून कार्डात महिन्याच्या खर्चाएवढेच पैसे ठेवा.

आता दरपत्रक मागा. ते तोंडी नको, कागदावर किंवा ॲपमध्ये बघा. हे प्रश्न विचारा:

१. कार्ड घेताना आणि दरवर्षी किती पैसे लागतील?
२. पैसे भरताना काही कापलं जातं का? क्रेडिट कार्डावरून भरले तर वेगळं शुल्क आहे का?
३. एटीएममधून काढताना आणि नुसती शिल्लक बघताना किती लागतात?
४. कार्ड वापरलं नाही तर काय कापता?
५. हरवल्यास नवं कार्ड केवढ्याला?
६. बंद करताना शिल्लक कुठे जाईल आणि त्यातून काय वजा होईल?

सहावा प्रश्न कुणीच विचारत नाही, म्हणून सगळ्यात आधी तोच विचारा. शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. समजा महिन्याला २५ रुपये शुल्क आहे. जीएसटी धरून २९ रुपये ५० पैसे झाले, म्हणजे वर्षाला ३५४ रुपये. कार्डात हजार रुपये विसरून राहिले तर तीन वर्षांत ते संपले.

टप्पा ४: केवायसी पूर्ण करा, नावं जुळवून

केवायसी अडते ती नावापाशी. आधारवर लग्नानंतरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, आणि बँकेत वडिलांचं नाव मधे. माझ्याकडे येणाऱ्या दहा बायकांमध्ये चार-पाच जणींचं तरी असं असतं. अर्ज करण्याआधी आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधी दुरुस्ती करा, मग कार्ड. उलट केलंत तर पैसे भरलेलं कार्ड आणि अडकलेली केवायसी अशा कात्रीत सापडाल.

मोबाइल नंबर ज्याच्या हातात कार्ड राहणार त्याचाच द्या. वडिलांचा नंबर नोंदवून कार्ड मुलाच्या हातात दिलं की प्रत्येक ऑनलाइन खरेदीला ओटीपीसाठी सांगलीला फोन येतो, आणि फोनवर ओटीपी सांगायची सवय घरभर लागते. ती सवय फार महागात पडते. मुलगा अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीची काय पद्धत आहे ते कार्ड देणाऱ्याला विचारा.

गाडीमालकांनो, ड्रायव्हरांची सगळी कार्डं स्वतःच्या एकाच नावावर घेऊ नका. धंद्यासाठी खर्चाची वेगळी कार्डं मिळतात. त्यात कुठल्या कार्डावर किती मर्यादा ते तुम्ही ठरवता आणि व्यवहार ड्रायव्हरनिहाय दिसतात.

तपासा: ‘केवायसी पूर्ण’ असं ॲपमध्ये दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘अर्ज स्वीकारला’ म्हणजे केवायसी पूर्ण झाली असं नव्हे. पैसे परत घेण्यासाठी स्वतःच्या बँक खात्याचा नंबरही याच वेळी नोंदवून ठेवा.

टप्पा ५: ५०० रुपये भरून गाडी एकदा फिरवून बघा

पहिल्याच दिवशी पूर्ण रक्कम भरू नका. ५०० भरा आणि त्यातून पुढची कामं ह्याच क्रमानं करून बघा.

आधी पिन तयार करा. मग ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन व्यवहार चालू करा. नव्या कार्डावर ते बहुधा बंद असतात, सुरुवातीला फक्त देशातली मशीनं आणि एटीएम एवढंच चालू असतं. ‘कार्ड खराब निघालं’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या कार्डांपैकी निम्मी कार्डं मी फक्त हे बटण चालू करून परत दिली आहेत. परदेशी व्यवहार बंदच ठेवा. टॅप करून द्यायचे पैसे ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जाऊ शकतात, म्हणून टॅपची मर्यादा कमी करा किंवा ते बंद ठेवा. नंतर ज्या दुकानात कार्ड वापरायचं आहे तिथंच पन्नास-शंभर रुपयांची खरेदी करा. सगळ्यात शेवटी शंभर रुपये स्वतःच्या बँक खात्यात परत पाठवून बघा.

हे शंभर रुपये खात्यात आले, तरच पुढची रक्कम भरा.

हा टप्पा मी कुणालाच गाळू देत नाही. एका गाडीमालकानं सहा ड्रायव्हरांची कार्डं एकदम भरली आणि गाड्या वाशीला रवाना केल्या. त्यांच्या नेहमीच्या पंपावरचं मशीन ते कार्ड घेईना. रात्री पेठ नाक्यावर गाड्या उभ्या, आणि मालक एकेकाला यूपीआयनं डिझेलचे पैसे पाठवत बसलेले. शंभर रुपयांचं डिझेल आधी एकदा भरून बघितलं असतं तर हे दिवसाउजेडी कळलं असतं.

रोखीनं भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: रोख भरण्यावर महिन्याला ५०,००० रुपयांची वरची मर्यादा आहे, आणि त्यातही आपल्या कार्डाची मर्यादा पार करता येत नाही. पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

टप्पा ६: वापरताना होणाऱ्या चुका

कार्डात १,३४० रुपये आहेत आणि बिल १,५०० चं झालं. असं कार्ड तसंच घासलं तर व्यवहार नाकारला जातो, कारण मशीन उरलेली शिल्लक आपणहून कापून घेत नाही. दुकानदाराला आधीच सांगा, ‘कार्डावर १,३४० घ्या, बाकीचे रोख देतो.’ गिफ्ट कार्ड संपवताना हे वाक्य हमखास लागतं. ऑनलाइन खरेदीत बिल असं दोन ठिकाणी तोडता येईलच असं नाही, म्हणून शेवटची शिल्लक दुकानात संपवा.

खरेदी परत केली तर पैसे त्याच कार्डावर येतात. शिल्लक शून्य झाली म्हणून कार्ड कापून फेकलं आणि आठ दिवसांनी मोठा ठरलेला शर्ट परत केला, तर ते पैसे कसे हातात घेणार? कार्डावर घेतलेल्या प्रत्येक वस्तूची परत करायची मुदत उलटेपर्यंत कार्ड जपून ठेवा. परताव्यामुळे शिल्लक मर्यादेपेक्षा जास्त होत असेल तरी काळजी नको, नियमाप्रमाणे परतावा जमा करावाच लागतो.

हॉटेलात खोली घेताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. प्रीपेड कार्डावर ती रक्कम अडली की जेवायलाही पैसे उरत नाहीत. काही ठिकाणी प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. प्रवासात दुसरी सोय आणि थोडी रोख जवळ असू द्या.

आता मेट्रोच्या कार्डाचं दुखणं. आपली मुलं पुण्यात हेच कार्ड वापरतात. या कार्डात, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात, शिल्लक दोन जागी असते. एक कार्ड देणाऱ्याच्या संगणकावर आणि दुसरी कार्डाच्या चिपमध्ये. फाटक उघडतं ते चिपमधल्या शिलकीवर. तुम्ही सांगलीतून फोनवर ३०० रुपये भरले तर ते संगणकावर जमा होतात. मुलाला स्टेशनवरच्या मशीनवर कार्ड लावून ते चिपमध्ये उतरवून घ्यावे लागतात. हे माहीत नसलं की फोनवर पैसे दिसतात आणि फाटक तांबडा दिवा दाखवतं. मागे रांग, कॉलेजची वेळ, आणि पोरगं घामाघूम. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कार्ड हरवलं तर चिपमधली शिल्लक गेली असं समजा, ती नोटेसारखीच आहे. त्यामुळे त्यात आठवड्याच्या प्रवासापुरतेच पैसे उतरवा.

फॉरेक्स कार्डाबद्दल दोनच सूचना. परदेशात दुकानदार ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारेल, तेव्हा तिथल्या चलनातच द्या. रुपयांत दिले तर दर दुकानाच्या बाजूचा लागतो. आणि कार्डात डॉलर भरून युरोपात खर्च केलात तर चलन बदलाचं शुल्क वेगळं कापलं जातं. ज्या देशात जायचं त्याचंच चलन भरा.

व्यापाऱ्यांसाठी माझ्या कामातलं एक सांगते. कार्डात भरलेली रक्कम म्हणजे खर्च नाही. ड्रायव्हरच्या कार्डात ५,००० भरले की वहीत ते त्याच्या नावे उचल म्हणून लिहा. डिझेलचं, हमालीचं बिल हातात आलं की मगच खर्च टाका. भरल्या दिवशीच खर्च लिहिणाऱ्यांचा मार्चमध्ये ताळा बसत नाही, आणि कार्डांत पडून राहिलेली शिल्लक कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासा: महिन्यातून एकदा ॲपमधला उतारा उघडा आणि ओळखू न येणारी एकही ओळ सोडू नका.

टप्पा ७: पैसे गेले किंवा अडकले तर

पहिल्या दहा मिनिटांत करायचं काम एकच, ॲपमधून कार्ड बंद करा. फोन हातात नसेल तर कार्ड देणाऱ्याच्या मदत क्रमांकावर कळवा. हा क्रमांक आत्ताच कागदावर लिहून पाकिटात ठेवा, पण कार्डाजवळ पिन लिहून ठेवू नका. फसवणूक असेल तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

वेळ का महत्त्वाची, तेही समजून घ्या. बिगरबँक कंपन्यांच्या कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेचा जानेवारी २०१९ चा नियम आहे. चूक तुमचीही नाही आणि कंपनीचीही नाही, अशा व्यवहाराचा निरोप आल्यापासून तीन दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीही येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यांतलं जे कमी ते तुम्हाला सोसावं लागतं. त्यानंतर कंपनीचं धोरण लागू होतं. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. मेट्रोच्या कार्डाला हे संरक्षण धरू नका.

फसवणूक नाही, पण दुकानात पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, असं झालं तर त्याच जागी दुसऱ्यांदा कार्ड घासू नका. पावती किंवा स्क्रीनचा फोटो घ्या आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. रुपे-व्हिसासारख्या जाळ्यावरचा असा व्यवहार पाच दिवसांत उलटला पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांच्या तक्रार पोर्टलवर अर्ज करायला पैसे लागत नाहीत आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र कंपनीकडे आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक लागतोच. फोनवर नुसतं भांडून तो मिळत नाही, म्हणून पहिली तक्रार नेहमी लेखी करा.

सावधान: गुगलवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. नंबर कार्डाच्या मागचा किंवा ॲपमधलाच घ्या.

टप्पा ८: काम संपलं की कार्ड बंद करा

मुदत किमान एक वर्षाची असते, आणि पुन्हा भरता येणाऱ्या कार्डात ती शेवटचे पैसे भरल्यापासून मोजतात. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्ड देणाऱ्यानं एसएमएस किंवा ईमेलनं आठवण करून द्यायची असते. नंबर बदललेला असेल तर ती आठवण तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून मुदतीची तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहा. वर्षभर एकही व्यवहार झाला नाही तर कार्ड निष्क्रिय होतं आणि पुन्हा पडताळणी करून चालू करावं लागतं. गिफ्ट कार्डाची मुदत संपलीच तर हात झटकून बसू नका. मुदत वाढवून किंवा नवं कार्ड द्या, अशी मागणी कार्ड देणाऱ्याकडे लेखी करा.

बंद करण्याचा क्रम असा ठेवा. त्या कार्डावर लावलेली मासिक वर्गणी, ओटीटी, रिचार्ज आधी थांबवा. येणं असलेले परतावे येऊ द्या. पूर्ण वर्षाचा उतारा डाउनलोड करून घ्या, कारण कार्ड बंद झाल्यावर ॲप उघडेलच असं नाही. मग बंद करायचा अर्ज करा. पूर्ण केवायसीच्या कार्डातली शिल्लक नोंदवलेल्या बँक खात्यात जाते. अपुऱ्या केवायसीच्या कार्डातही बंद करताना पैसे बुडत नाहीत. जिथून भरले त्या खात्यात परत जातात, किंवा पडताळणी करून तुमच्या बँक खात्यात येतात. रोज वापरताना न निघणारे पैसे या दारानं निघतात, हे फार कमी जणांना माहीत आहे.

खात्यात पैसे आले आणि ‘कार्ड बंद झालं’ असा निरोप आला, की कार्ड चिपमधून आडवं कापा, दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशीच्या कचऱ्यात टाका, आणि उतारा त्या वर्षाच्या हिशेबाच्या फाइलला लावा.